पालेभाजीचा नेम

मी पालेभाजी खात नाही, हे ज्यांना कळतं ते आधी हसतात. हसणारच. जिनं पालेभाजीवर एम. एस्सी. केली, जन्मभर बायकांना ‘ताटात हिरवं काहीतरी घ्या गं’ म्हणून भंडावून सोडलं, तिच्या स्वतःच्या ताटात मेथी नाही, चुका नाही, अळूचं फदफदंसुद्धा नाही! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण माझ्या तोंडावर म्हणायला माझ्या भाच्या कमी करत नाहीत. मी उत्तर देत नाही. उत्तर द्यायचं तर थेट बारामतीपासून सुरुवात करावी लागते, आणि तेवढं ऐकायला कोणी बसत नाही.

माझे वडील इंदापूरच्या कचेरीत कारकून होते. त्यांची मुलगी बी. एस्सी. झाली हेच इंदापूरला पचायला जड गेलं होतं. त्यात ती आणखी शिकणार म्हटल्यावर आळीतल्या बायका आईला येऊन धीर देऊन जायच्या, घरात काही अघटित घडल्यासारखा. एकोणीसशे तिसानंतरची ती वर्षं. ‘जीवनसत्त्व’ हा शब्द तेव्हा कोरा करकरीत होता आणि आम्ही तो नव्या लुगड्यासारखा मिरवत असू. पुण्याच्या कॉलेजातल्या माझ्या प्राध्यापकांनी मला विषय दिला तो आमच्याकडच्या पालेभाज्यांचा. बारामतीला कालव्याचं पाणी, तिथे मळे आणि ऊस. इंदापूरकडे कोरडवाहू, तिथे ज्वारी, करडई आणि रानातली आपोआप उगवणारी भाजी. या दोन्हीकडच्या पाल्यात डोळ्यांना लागणारं सत्त्व किती, ते मी शोधायचं होतं.

पण प्राध्यापक मोठे खट. म्हणाले, “नळीत पाला उकळून तुला पाल्याचं कळेल. तो ज्यांच्या पोटात जायचा त्यांचं काय? एक वर्ष दवाखान्यात काढ, मग लिही.” बारामतीला बायकांचा एक लहानसा दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंशी त्यांची ओळख होती. त्यांनी मला ठेवून घेतलं. रोग्यांच्या खाण्याकडे बघायचं, आणि त्या बदल्यात दोन वेळचं जेवण आणि पाठीमागच्या खोलीत एक खाट. या कामाला तेव्हा मराठीत नाव नव्हतं. दवाखान्यातल्या बायकांनी मला ‘भाजीवाली अक्का’ म्हणायला सुरुवात केली, आणि तेच नाव शेवटपर्यंत राहिलं.

त्याला कारणही तसंच होतं. आठवड्यातले बरेचसे दिवस मी दवाखान्यात असे. मग ओल्या फडक्यात भाज्यांच्या जुड्या गुंडाळून छोट्या आगगाडीनं दौंड, दौंडहून पुणे. तिथे त्या वाळवायच्या, कुटायच्या, स्पिरिटात त्यांचा रंग उतरवायचा आणि तो रंग काचेच्या ठरीव रंगांशी ताडून बघायचा. परत यायचं ते हाताला हिरवे डाग घेऊन. त्या छोट्या गाडीच्या डब्यात बायका मला हटकून विचारत, “मेथी कशी दिली?” पहिल्यांदा मी रागावून सांगितलं की ही विकायची नाही, ही शिक्षणाची आहे. डबाभर हसं झालं. पुढे मी शहाणी झाले आणि भाव सांगू लागले.

दवाखान्यात स्वयंपाकघर होतं, पण त्यातलं खाणाऱ्या बायका थोड्या. परक्या हाताचं कोण खाणार? प्रत्येकीबरोबर घरचं कोणीतरी येई आणि मागच्या आवारात तीन दगड मांडून आपलं आपण रांधी. म्हणजे माझं काम काय, तर दगडादगडावरचं झाकण उचलून बघायचं. सूज आलेलीच्या कालवणात मीठ किती, बाळंतिणीला नुसताच भात तर घालत नाहीत ना. “फौजदारीण आली, झाका गं,” असं म्हणून बायका मुद्दाम मडकी झाकायच्या. मी ओरडायची. तोंडानं मी फटकळ, तेव्हाही आणि आताही. पण त्या धुरातलं ते आवार, वाटणाचा खमंग वास, भाकऱ्या थापल्याचा आवाज आणि मला चिडवणाऱ्या त्या बायका... पुढे मोठमोठ्या इस्पितळांच्या पांढऱ्याशुभ्र स्वयंपाकघरांतून वावरले, पण इतकं घरचं मला कुठेच वाटलं नाही.

भाद्रपद सरत आला होता तेव्हा वडगाव निंबाळकरची एक तरुण सून दवाखान्यात आली. सातवा महिना, कडेवर तीन वर्षांची मुलगी. नवरा बैलगाडीनं पोचवून गेला, कारण त्यांच्या भाजीच्या मळ्यात खुडणी चालू होती. तिला रातांधळं झालं होतं. दिवेलागण झाली की तिला दार कुठं आणि भिंत कुठं ते कळत नसे. कालव्यावरून येताना तोल जाऊन ती पोरीसकट पडली होती. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पापण्या उलटून पाहिल्या. डोळ्याच्या पांढऱ्यावर साबणाच्या फेसासारखे ठिपके धरले होते. मला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, “हे काळ्यापर्यंत गेलं की डोळा गेला. मग देवसुद्धा आणून देणार नाही. माशाचं तेल द्यावं, तर घर माळकरी. ती बाटलीला हातसुद्धा लावणार नाही. आता तुझ्या पाल्यावर भिस्त.”

माझी छाती फुगली, खरं सांगते. माझा अभ्यासच माझ्यासमोर खाटेवर येऊन बसला होता. एकच गोष्ट उमगेना. हिच्या घरची मेथी आणि शेपू सगळी बारामती खाते, आणि हिलाच रातांधळं कसं? मी तिला विचारलं, “घरी पालेभाजी खातेस ना?” ती खाली बघून हसली. म्हणाली, “आमच्याकडं लई हाय भाजी.” मला तेवढं पुरलं.

तिच्याबरोबर रांधायला कोणी नव्हतं, म्हणून तिचं जेवण मी स्वतः करू लागले. इंदापूरला गेले की तिथल्या रानातून तांदुळजा, पाथरी, घोळ आणायची. वाटेत मोटार लासुर्ण्याला थांबली की उतरून बांधावरचं काही दिसतंय का ते बघायची. ड्रायव्हर कावून भोंगा वाजवत राही. निवडून, धुऊन, लसणीवर परतून ताट तिच्यासमोर ठेवायची. ताट चाटूनपुसून परत येई. मी रोज दिवेलागणीला व्हरांड्यात तिच्यासमोर तांब्या धरी आणि विचारी, “माझ्या हातात काय आहे?” ती हवेत हात फिरवून म्हणे, “तुमीच सांगा, अक्का.”

दूध होतं, तांबडा भोपळा होता, त्यानं चिमूटभर फरक पडला असेल-नसेल. ठिपके मात्र वाढत होते. एक दिवस डॉक्टरीणबाईंनी तिच्या पापण्या उलटून पाहिल्या आणि नुसतं माझ्याकडे बघितलं. त्या रात्री मी माझी टिपणं उघडून बसले आणि मला वाटलं, सगळं खोटं आहे. रंग काचेशी जुळतो, पण माणसाशी जुळत नाही.

उलगडा केला तो तिच्या पोरीनं. एका दुपारी मी तांदुळजा परतत होते. ही दारात येऊन उभी राहिली. गुटगुटीत पोर, डोळे असे टपोरे की बघत राहावं. म्हणाली, “आईची भाजी द्या.”

“आईची मी नेऊन देते. तुला भाकरी देऊ का?”

“आई न्हाय खात भाजी. आईची मीच खाते.” आणि मग, मला हे ठाऊक नाही म्हणजे कमालच आहे अशा सुरात, “आईनं द्येवीला दिलीया की!”

मी कढई चुलीवरच सोडली आणि तशीच, पदर खोचलेला, हातात उलथनं, खाटेपाशी गेले. काय बोलले ते लिहीत नाही. शेजारपाजारच्या खाटांवरच्या बायका माना खाली घालून बसल्या, त्यावरून कळलं की सगळ्यांना ठाऊक होतं. पण दुसरीचा नेम आपण कसा बोलून दाखवायचा? ही मात्र शांत. म्हणाली, “तुमी एवढ्या लांबनं भाजी आनता, सोता निवडता. नको कसं म्हनू?”

तिचे पहिले दोन मुलगे गेले होते. मग ही पोर झाली, आणि वर्षाची व्हायच्या आत तापानं फणफणली, डोळे पांढरे केले. तेव्हा हिनं शिवेवरच्या देवीपुढे पदर पसरला: हिला ठेव, मी जन्मभर पालेभाजीला शिवणार नाही. पोर उठून बसली.

“अगं, पण पालेभाजीच का? सोडायला दुसरं काही नव्हतं?”

“आमच्या मळ्यात तीच पिकती, अक्का. घरात जे न्हायच ते सोडून द्येवीला काय फसवायचं?”

“तुझे डोळे जातील. कायमचे. कळतंय का तुला?”

“डोळं गेलं तर चाचपडंन,” ती म्हणाली. “पोर गेली तर काय चाचपडू?”

मी उलथनं घेऊन परत आले. खूप रडले, आणि करपलेली भाजी टाकून दिली.

डॉक्टरीणबाईंनी वडगावला निरोप धाडला, सासूला बोलवा. मी कंबर कसून बसले होते. म्हटलं, आता म्हातारी येईल, पोतं भरून अंगारे आणेल आणि सुनेला घेऊन जाईल. म्हातारी आली ती गाडीतून उडी मारून. हाडापेरानं दणकट, तोंडात दात नाही आणि आवाज मळ्याच्या या टोकाकडून त्या टोकाला जाणारा. सुनेजवळ बसली, तिची हनुवटी धरून डोळे बघितले आणि तिचा आवाज एकदम बसला.

“आगं, भाजीनं डोळं येत्यात हे मला कुनी सांगितलं असतं तर?” ती म्हणाली. मग डॉक्टरीणबाईंकडे वळली. “नेम मोडायचा न्हाय. पर नेम उचलता येतो. घरातल्या दुसऱ्या बाईनं आपल्या डोईवर घ्यायचा. आमच्यात हाय तसं.”

मला हर्ष झाला. “मग तुम्ही घ्या ना आजी! तुम्ही तर घरच्याच.”

म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. “मला दात न्हाईत, बाय. पालेभाजी मला चावत न्हाय आन् आवडत बी न्हाय. म्या सोडली काय आन् न सोडली काय! द्येवी काय खुळी हाय व्हय? जिला आवडती तिनंच सोडाय पायजे.”

घरात दुसरी बाई नव्हती. नणंदा होत्या त्या लग्न होऊन दुसऱ्या घरच्या झाल्या होत्या. आणि हळूहळू भोवतालच्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. बघणारच. मेथीची कोवळी पानं येता-जाता तोंडात टाकणारी, भाकरीवर कच्चा कांदा-मेथी घेऊन आवारात फिरणारी, पालेभाजीचे गोडवे गाऊन सगळ्यांचे कान किटवणारी दुसरी होती कोण तिथे?

“मी घरातली कुठे आहे?” मी म्हणाले. मला अजून आठवतं, माझा आवाज बारीक झाला होता.

म्हातारीनं गाठोडं सोडलं. आत भाकरी होती, वर लाल ठेचा. तिनं भाकरीचे दोन तुकडे केले, एक स्वतः घेतला, एक माझ्यापुढे धरला. “एका भाकरीतलं खाल्लं की झालीस माझी लेक.” कारकुनाच्या घरातली मुलगी मी, असं कोणाच्या हातचं उघड्यावर खाणं त्या काळी साधी गोष्ट नव्हती. पण त्याचा विचार मला नंतर सुचला. मी तुकडा घेतला आणि खाल्ला. ठेच्यानं डोळ्यांना पाणी आलं, ते एक बरं झालं.

मग सुनेनं माझ्या तळहातावर सुपारी ठेवली आणि म्हातारीनं वरून पाणी सोडलं. नेम आता माझा. “जोवर ही पोर हाय, तोवर,” म्हातारी म्हणाली. मी विचारलं, “कोथिंबीर?” तिनं क्षणभर विचार केला. “कोथमीर भाजी न्हवं. ती वाटनात चालतीया.” डॉक्टरीणबाई पाठ फिरवून हसत होत्या, पण त्यांचा पदर डोळ्यांकडे गेलेला मी पाहिला.

त्याच दुपारी मी मेथी केली आणि त्या बाईनं ती माझ्यासमोर खाल्ली. पहिल्या घासाला तिनं पोरीकडे बघितलं. पोर आवारात चिंचोके खेळत होती. मग तिनं दुसरा घास घेतला.

पुढे काही दिवसांनी मी दिवेलागणीला चुलीशी बसले होते. तांब्या घेऊन व्हरांड्यात जायचं त्या दिवशी कामाच्या गडबडीत राहूनच गेलं होतं. पाठीमागून आवाज आला, “अक्का, तुमच्या कपाळावरचं कुकू फिसकटलंया.” मी वळून बघितलं. ती दारात उभी होती, भिंतीला हात न लावता. बाहेर चांगलं अंधारून आलं होतं. मी उठून तिला मिठी मारली, आणि माझ्या हाताचं पीठ तिच्या पाठभर झालं.

तिला मुलगा झाला. तो रडत जन्मला आणि म्हातारीनं त्याच्यापेक्षा मोठ्यांदा रडून घेतलं.

माझ्या आईला हे सांगणं सर्वांत अवघड होतं. त्या हिवाळ्यात इंदापूरला गेले तर तिनं करडईची कोवळी भाजी केली होती, माझ्या अगदी आवडीची. ती भाजी आमच्या घरी थंडीतच होई आणि आई ती तिळाचं कूट घालून अशी करी, की तशी मी पुन्हा कुठे बघितली नाही. मी ताट सरकवलं आणि सगळं सांगितलं. वडील म्हणाले, “विज्ञान शिकायला पाठवलं होतं ना हिला?” आईनं माझ्यापुढची भाजी उचलून आपल्या ताटात घेतली आणि मला पिठलं वाढलं. पुढे ती होती तोवर, मी घरी असताना तिनं करडई कधी केली नाही.

प्रबंध झाला. तोंडी परीक्षेत एका परीक्षकांनी सहज विचारलं, “या सगळ्यांत तुम्हाला आवडती कोणती?” मी म्हणाले, “करडई.” आणि पुढचं बोलता येईना. त्यांना वाटलं, मी घाबरले.

माझा देवीवर विश्वास आहे का? नाही. तेव्हाही नव्हता. ती पोर तापातून उठली ती आपली आपण उठली, हे मी कोणालाही फळ्यावर लिहून दाखवीन. पण खरं सांगायचं तर नंतर अनेकदा, परगावी, एकटी असताना, समोर मेथीचं ताट आलं आणि मी हात पुढे केला नाही. कोण बघणार होतं? पण आवारात चिंचोके खेळणारी ती पोर डोळ्यांसमोर येई. मी तिच्या जिवावर पैज लावायला तयार नव्हते. शहाणपण आपल्या जागी, आणि ती पोर आपल्या जागी.

वडगावहून दर दिवाळीला माहेरची भेट यायची. वांगी, पेरू, गूळ, शेंगा. जुडी म्हणून कधी एक आली नाही. म्हातारी गेली, नंतर कालव्याकाठी सगळा ऊसच ऊस झाला, मळे गेले, तरी भेट यायची. ती सून म्हातारी झाली तरी संध्याकाळी ओट्यावर बसून सुईत दोरा ओवायची, आणि मी गेले की मुद्दाम मला ओवून दाखवायची.

गेल्या वर्षी ती गेली. दहावं-तेरावं झाल्यावर तिची मुलगी माझ्याकडे आली. पन्नाशी ओलांडलेली, नातवंडं असलेली बाई. डोळे मात्र तसेच टपोरे. तिच्या पिशवीत मेथीची जुडी होती, मुळांना अजून माती लागलेली. म्हणाली, “आई जाताना बोलली, अक्काला मेथी खाऊ घाल. लई वर्सं झाली म्हनं. आत्या, माझ्यासाठी धरलेला नेम, आता मीच सांगती, सोडा.” तिनंच निवडली, तिनंच केली, लसणीवर परतून. घरभर वास सुटला. तिनं ताट वाढून माझ्यापुढे ठेवलं.

मी त्या भाजीकडे बघत बसले. भूक होती, वास ओळखीचा होता, आणि आता माझं वय असं की काय राहिलंय जपायला? एक घास. मी हात पुढे केला आणि माझं लक्ष तिच्याकडे गेलं. ती समोर मांडी घालून बसली होती, जिवंत, धडधाकट, कपाळावर घाम.

मी ताट तिच्याकडे सरकवलं. “तू खा,” म्हणाले.

“आत्या, आवो, तुमच्यासाठी केलीया.”

“आईची भाजी नेहमी तूच खायचीस. खा.”

तिनं डोळे पुसले आणि ती खायला लागली. मी ठेच्याबरोबर भाकरी घेतली आणि ती शेवटचा घास संपवेपर्यंत तिच्याकडे बघत जेवले.